सनद मतदारांची, खातं कुणाचं?

सिअ‍ॅटल शहर ज्या कौंटीत येतं, तिचं नाव किंग कौंटी. मायक्रोसॉफ्टचं रेडमंडही याच कौंटीत, त्यामुळे इथल्या पत्त्यावर दिवाळीचा फराळ पाठवणारी घरं पुण्या-नाशकात बरीच सापडतील. हे नाव १८५२ सालचं. तेव्हा हा मुलूख ओरेगन टेरिटरीत मोडत होता. तिथल्या विधिमंडळाने नव्याने निवडून आलेल्या उपाध्यक्षाचं, विल्यम रूफस किंगचं, नाव या कौंटीला दिलं आणि शेजारच्या कौंटीला अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्सचं. किंग हे अलाबामाचे मळेवाले, गुलाम बाळगणारे. क्षयाने खंगलेल्या या गृहस्थांनी उपाध्यक्षपदाची शपथ घेतली तीही क्यूबात, आणि त्यानंतर महिनाही न उलटता ते वारले.

फेब्रुवारी १९८६ मध्ये किंग कौंटीच्या कौन्सिलने पाच विरुद्ध चार मतांनी एक मजेदार ठराव केला. नाव तेच ठेवायचं, एक अक्षरही बदलायचं नाही. फक्त यापुढे हा किंग म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग असं समजायचं. पाट्या बदलायच्या नव्हत्या, नकाशे बदलायचे नव्हते. तरीही या ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं, कारण कौंटी जन्माला घालणं आणि तिचं बारसं करणं हे राज्याचं काम. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला आणि गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉर यांनी त्यावर सही केली ती २००५ साली. म्हणजे नावाचा नुसता अर्थ बदलायला एकोणीस वर्षं लागली. बोधचिन्हावरचा मुकुट जाऊन तिथे डॉ. किंग यांचा चेहरा यायला आणखी दोन.

आता याच कौंटीची दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी आपल्या शेरीफचं, म्हणजे कौंटीच्या पोलीसप्रमुखाचं, पद निवडणुकीतून काढून नेमणुकीत टाकलं. शिवाय त्या खात्याने कोणती कामं करायची हे ठरवण्याचा अधिकार कौन्सिलला दिला. यासाठी राज्याला विचारावं लागलं नाही. जिला स्वतःच्या नावातला किंग कोणता हे ठरवता येत नाही, तिला आपला कोतवाल कसा असावा हे मात्र ठरवता येतं. हे प्रकरण या कोड्याविषयी आहे.

कौंटी हा शब्द आपल्याला क्रिकेटने शिकवला. सुनील गावस्कर १९८० साली सॉमरसेटकडून खेळले, तेव्हा कौंटी म्हणजे हिरवंगार मैदान आणि पावसाने थांबलेला खेळ एवढंच आपल्या मनात होतं. शेरीफ हा शब्दही आपल्याकडे आहे, पण वेगळ्या वेषात: मुंबईचा नगरपाल म्हणजे शेरीफच. एका वर्षाचं मानाचं पद, अधिकार जवळजवळ नाहीत. योगायोग असा की गावस्कर १९९०च्या दशकात मुंबईचे नगरपालही झाले. कौंटी आणि शेरीफ हे दोन्ही शब्द ज्यांच्या चरित्रात आहेत असे मराठी गृहस्थ फार नसावेत. अमेरिकेतला शेरीफ मात्र मानापुरता नाही. त्याच्याकडे पिस्तूल असतं, बहुतेक ठिकाणी तुरुंग असतो, आणि मुख्य म्हणजे मतदारांनी थेट दिलेलं आसन असतं.

अमेरिकेत कौंट्या तीन हजारांहून जास्त. लुईझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. आकारात इतकी तफावत की एकच शब्द दोघींना कसा लागू होतो असं वाटावं. २०२०च्या जनगणनेत टेक्सासमधल्या लव्हिंग कौंटीत ६४ माणसं होती, लॉस एंजेलिस कौंटीत एक कोटीहून अधिक. आपल्या जिल्ह्याशी तुलना करायची तर कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, तुरुंग, सरकारी रुग्णालय, मालमत्ता कराचं कार्यालय आणि निवडणूक शाखा हे सगळं एका छपराखाली आणायचं आणि मग त्यातल्या पाच-सहा खातेप्रमुखांना लोकांनी वेगवेगळं निवडून द्यायचं. कुणी कुणाचा साहेब नाही. कौंटीचं मंडळ निवडून आलेलं, शेरीफ निवडून आलेला, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा निवडून आलेला, कर गोळा करणारा निवडून आलेला. बैठकीत प्रत्येकजण म्हणू शकतो, मलाही लोकांनीच पाठवलंय.

हे का झालं? शेरीफ हा मुळात इंग्लंडच्या राजाचा माणूस, हजार वर्षांपूर्वीपासूनचा. अमेरिकेने राजा टाकला, पद ठेवलं. एकोणिसाव्या शतकात हवा फिरली आणि राजाच्या जागी लोक आले. न्यूयॉर्कने १८२१च्या घटनेत शेरीफ निवडणुकीवर सोपवला, मग हळूहळू राज्यांमागून राज्यं त्याच वाटेने गेली. हुकूम देणारी एकच व्यक्ती नको, सत्ता जितकी वाटली जाईल तितकी बरी, हा त्या काळचा विचार. विसाव्या शतकात शहरं फुगली, कौंट्यांचे कारभार कोट्यवधींचे झाले, आणि सुधारकांना नेमका उलटा विचार सुचला: सगळ्यांना जबाबदार धरता येईल असा एक प्रमुख असावा, खातेप्रमुख त्याने नेमावेत आणि काम नीट नसेल तर काढावेत. दोन्ही विचार लोकशाहीचेच. भांडण कोणता बरोबर याचं तर आहेच. पण त्याआधी प्रश्न असा की हे ठरवायचं कुणी? कौंटीतल्या लोकांनी की अख्ख्या राज्याने?

अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत याचं उत्तर शोधू नये. तिच्यात स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेखच नाही. शहर नाही, कौंटी नाही. आपल्याकडे निदान त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती आहे. तिकडे राज्यं आहेत, केंद्र आहे आणि राज्यांखालच्या सगळ्यांची सोय राज्यांनी करायची आहे.

तेव्हा वाद न्यायालयात गेला. १८६८ साली आयोवा राज्यात क्लिंटन शहराला आपल्या रस्त्यांवरून रेल्वेचे रूळ नको होते. राज्याचा कायदा रेल्वेच्या बाजूने होता. न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी सांगून टाकलं की शहरांचा जन्म विधिमंडळाच्या पोटी. विधिमंडळ देतं ते विधिमंडळ काढूनही घेऊ शकतं. पुढे त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि त्यांचं मत डिलनचा नियम म्हणून वकिलांच्या तोंडी बसलं: शहराला किंवा कौंटीला स्पष्ट दिलेले अधिकार तेवढेच खरे, आणि शंका आली तर निकाल तिच्या विरुद्ध. तीनच वर्षांनी याला तोंडभर उत्तर मिळालं. मिशिगनच्या विधिमंडळाने डेट्रॉइट शहरासाठी बांधकाम मंडळ काढलं आणि त्यावर माणसंही स्वतःच नेमली. म्हणजे खातं शहराचं, खर्च शहराचा, खातेप्रमुख राजधानीतून आलेले. न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी म्हटलं की हे चालणार नाही. स्थानिक कारभार स्थानिकांच्या हाती असणं हा हक्कच आहे, राज्य तो हिरावून घेऊ शकत नाही. वाचायला कूली फार बरे वाटतात. जिंकले मात्र डिलन. १९०७ साली पिट्सबर्गने नदीपलीकडचं अ‍ॅलेघेनी शहर तिथल्या लोकांचा विरोध असताना पोटात घेतलं, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की राज्य आपल्या शहरांचं हवं ते करू शकतं: जोडू शकतं, तोडू शकतं, मिटवूही शकतं.

न्यायालयात हरलेली बाजू मग मतपेटीकडे वळली. राज्याची स्वतःची घटना असते आणि ती बदलता येते, तर तिच्यातच लिहून घ्यावं की अमुक अटींवर शहराने आपला कारभार आपण ठरवावा. मिसुरीने १८७५ साली ही वाट उघडली. कौंट्यांसाठी कॅलिफोर्नियाने १९११ साली, आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस कौंटीच्या मतदारांनी स्वतःचं चार्टर मंजूर केलं. देशातलं कौंटीचं पहिलं.

चार्टरला मराठीत सनद म्हणतात, आणि इथे जरा थांबायला हवं. आपल्या इतिहासात सनद येते ती वरून. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. देणारा बादशहा, घेणारे आपण. अमेरिकन कौंटीची सनद वरून येत नाही. ती कौंटीतल्या माणसांनी लिहायची, कौंटीच्या मतदारांनी मंजूर करायची. परवानगी मात्र वरची. म्हणजे कागद कोरा मिळतो, मजकूर आपला. पण कागदाच्या कडेला काही ओळी आधीच छापलेल्या असतात आणि त्या खोडता येत नाहीत. प्रत्येक राज्याच्या कागदावर त्या ओळी वेगळ्या. टेक्सासमध्ये तर कागदच मिळत नाही. तिथल्या २५४ कौंट्यांना सनदच नाही. लव्हिंगच्या ६४ माणसांना आणि ह्यूस्टन ज्यात आहे त्या अवाढव्य हॅरिस कौंटीला एकच साचा.

आपल्या जिल्हा परिषदेला हे सगळं परक्यासारखं वाटेल. तिची खाती, तिच्या समित्या, तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी हे सगळं महाराष्ट्राच्या १९६१च्या अधिनियमाने ठरलेलं. कोल्हापूर आणि गडचिरोली यांना आपापली सनद लिहा असं कुणी सांगितलं नाही. डिलन साहेबांना महाराष्ट्रात घरच्यासारखं वाटलं असतं.

कडेला छापलेल्या ओळी किती खोल जाऊ शकतात, हे बघायला फ्लोरिडासारखं राज्य नाही.

मायामी ज्या कौंटीत आहे, तिचं नाव पूर्वी नुसतं डेड होतं. मायामी-डेड झालं १९९७ साली. १९५६ मध्ये राज्यभरच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून या एका कौंटीला खास स्वायत्तता दिली आणि १९५७ साली तिने सनद मंजूर केली, तीही अगदी थोड्या मताधिक्याने. देशभर याचा गाजावाजा झाला. अनेक छोटी शहरं तशीच ठेवून त्यांच्यावर एक महानगरी कारभार बसवायचा हा प्रयोग होता. निवडून येणारी जुनी पदं एकेक करून नेमणुकीची होऊ लागली: आधी कराची, मग इतर. शेरीफचं पद टिकून होतं. १९६६ साली ग्रँड ज्युरीने शेरीफच्या कार्यालयातल्या भ्रष्टाचारावर बोट ठेवलं आणि लोकांनी ते पदच उडवून लावलं. पुढे जवळजवळ साठ वर्षं मायामी-डेडमध्ये पोलीस खातं होतं, त्याचा नेमलेला संचालक होता, आणि राज्याच्या ६७ कौंट्यांमध्ये निवडलेला शेरीफ नसलेली ही एकटीच होती. २००७ नंतर महापौराचे अधिकार वाढले आणि संचालकाची खुर्ची पूर्णपणे महापौराच्या मर्जीवर आली.

फ्लोरिडात दर वीस वर्षांनी एक घटना पुनर्विलोकन आयोग बसतो. त्यात ३७ सदस्य असतात आणि तो आपले प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर टाकतो, विधिमंडळाला विचारायची गरज नाही. २०१८ साली या आयोगाने दहावी दुरुस्ती आणली. तिच्यात एकाच मुठीत चार गोष्टी होत्या: माजी सैनिकांसाठी राज्याचं खातं, दहशतवादविरोधी कार्यालय, विधिमंडळाच्या अधिवेशनाची तारीख, आणि चौथी गोष्ट अशी की राज्यातल्या प्रत्येक कौंटीत, सनद असो वा नसो, शेरीफ, कर गोळा करणारा, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा, निवडणूक अधिकारी आणि न्यायालयाचा कारकून या पाच जणांना लोकांनीच निवडलं पाहिजे. आधीच्या कलमात सनदेने ही पदं रद्द करता येतील अशी फट होती, ती बुजवली. माजी सैनिकांच्या खात्याला नाही कोण म्हणणार? आणि ज्याला हो म्हणायचं, त्याला चौथ्या गोष्टीलाही हो म्हणावंच लागणार. मतपत्रिकेवर एकच चौकोन होता. साठ टक्के हवे होते, त्रेसष्टच्या आसपास मिळाले. अटलांटिकच्या किनाऱ्यावरची व्होलुसिया कौंटी न्यायालयात गेली. सनदेखाली तिचा शेरीफ निवडून येत होता, पण त्याचं कार्यालय कौंटीच्याच प्रशासनाचा भाग होतं. ती हरली.

इथे माझं मत सांगून टाकतो, कारण या प्रकरणात ते लपवणं प्रामाणिक होणार नाही. दहाव्या दुरुस्तीच्या बाजूने सांगितलं गेलं की आम्ही लोकांना निवडण्याचा हक्क देतोय. खरंय. पण मायामीच्या लोकांनी १९६६ साली जो हक्क वापरला होता, आपला पोलीसप्रमुख निवडावा की नेमावा हे ठरवण्याचा, तो मात्र परत घेतला. दिलेला हक्क लहान, घेतलेला मोठा. उद्या मायामीच्या लोकांना पुन्हा वाटलं की शेरीफ नको, तर त्यांना सगळ्या फ्लोरिडाची समजूत काढावी लागेल, त्यात ज्यांनी मायामीत कधी पाऊल ठेवलं नाही असे लोकही आले. तरी दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला टाळता येत नाही: महापौराच्या मर्जीवर असलेला पोलीसप्रमुख महापौराची चौकशी करील का? ज्याला महापौर काढू शकत नाही तो निदान महापौराला घाबरत नाही. दोन बाजूंना सारखं तोलून दाखवणं मला जमत नाही, पण हा प्रश्न पोकळ नाही.

मायामीच्या कारभाऱ्यांनी आधी एक पळवाट शोधली. शेरीफ निवडावाच लागणार असेल तर निवडू. पण पोलीस खातं महापौराकडेच ठेवू, शेरीफला कोर्टकचेरीची कामं देऊ. ही युक्ती अमेरिकेत जुनी आहे. मेरिलँडमध्ये शेरीफ राज्याच्या घटनेत असल्याने काढता येत नाही, तर वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या माँटगोमेरी कौंटीने वेगळं पोलीस खातं केलं आणि गस्त, गुन्हे, तपास सगळं तिकडे नेलं. शेरीफकडे उरले समन्स, वॉरंट आणि न्यायालयाची सुरक्षा. आपल्याकडे पाटीलकी गेली आणि आडनाव उरलं, त्यातलाच प्रकार. पण फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०२३ साली कायदा करून ही वाटही बंद केली.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये मायामी-डेडने रोझी कॉर्डेरो-स्टुट्झ यांना शेरीफ म्हणून निवडलं आणि ७ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी सूत्रं घेतली. त्या आधी पोलीस खात्यातच वरिष्ठ अधिकारी होत्या. एका रात्रीत हजारो पोलिसांचा मालक बदलला. तुरुंग मात्र महापौरांकडेच राहिला, अग्निशमन दलही. कोणती गाडी कुणाची, कोणतं संगणक खातं कुणाचं, कोणती इमारत कोण वापरणार, यांचे करार करावे लागले. आणि मग अंदाजपत्रक आलं. नेमलेल्या संचालकाला महापौर म्हणू शकत होते, दहा टक्के कमी कर. निवडून आलेल्या शेरीफचं अंदाजपत्रक कौंटीच्या मंडळाने कापलं तर तिला थेट गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळापुढे अपील करता येतं. फ्लोरिडाच्या कायद्यात तशी तरतूदच आहे. २०२५च्या उन्हाळ्यात कौंटीला सुमारे ४० कोटी डॉलरची तूट दिसू लागली, तेव्हा महापौरांनी सांगितलेल्या कारणांत या नव्या स्वतंत्र कार्यालयांचा वाढीव खर्चही होता. बागा, कला संस्थांची अनुदानं, वृद्धांसाठीच्या सेवा यांच्यावर कात्रीची चर्चा सुरू झाली, कारण महापौरांची कात्री पोहोचते ती तिथवरच.

आता पुन्हा किंग कौंटीत. वॉशिंग्टन राज्याच्या कागदाच्या कडेला छापलेल्या ओळी थोड्या आहेत. १९४८च्या दुरुस्तीने कौंट्यांना सनद लिहायची मुभा मिळाली. सरकारी वकील आणि न्यायाधीश निवडलेलेच हवेत, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. ३९ कौंट्यांपैकी सात जणींनी ही मुभा वापरली, त्यातली पहिली किंग. १९६८ साली मतदान झालं, पुढच्या वर्षी १ मे रोजी सनद लागू झाली आणि शेरीफचं पद सार्वजनिक सुरक्षा खात्यात विरघळलं, प्रमुख नेमणुकीचा. १९९६ साली लोकांना वाटलं की निवडणूकच बरी. शेरीफ परत निवडणुकीत गेला. २०२० साली, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या त्या अस्वस्थ वर्षी, पुन्हा नेमणूक. चोवीस वर्षांत दोनदा लोलक फिरला, आणि दोन्ही वेळा फिरवणारे तेच मतदार.

त्यांनी सगळ्याच खात्यांना एका दिशेने ढकललं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण २००४ साली वॉशिंग्टनच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि हाताने केलेल्या फेरमोजणीत निकाल १२९ मतांवर लागला. मोजणीच्या घोळाचं केंद्र किंग कौंटी होती. चुकून बाद केलेली शेकडो टपाली मतं तिथे सापडली. निवडणूक खात्याचा प्रमुख तेव्हा नेमलेला असे. २००८ साली मतदारांनी ते पद निवडणुकीचं केलं. त्या १२९ मतांनी जिंकलेल्या उमेदवार म्हणजे नावाच्या कायद्यावर सही करणाऱ्या त्याच ग्रेगॉर. तेव्हा एकाच सनदेत पोलीस खातं निवडणुकीतून नेमणुकीकडे गेलं आणि निवडणूक खातं नेमणुकीतून निवडणुकीकडे आलं. यात तत्त्वाचा विजय शोधत बसू नये. ज्या खात्याने शेवटचा मनस्ताप दिला, त्याच्यावर लोकांनी आपली पकड बदलली, इतकंच. आणि त्यांना तसं करता आलं.

कॅलिफोर्निया फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. तिथे ५८ कौंट्या, त्यातल्या १४ सनदवाल्या. राज्याच्या घटनेत तीन पदं दगडात कोरलेली: शेरीफ, जिल्हा सरकारी वकील आणि मालमत्तेचं मूल्य ठरवणारा हे निवडूनच यायचे. बाकीची खाती जोडा, तोडा, प्रमुख नेमा. सनदेला राज्याच्या कायद्याइतकंच बळ असल्याचं घटनेतच म्हटलंय, तरीही शहरांना जे मोकळं रान मिळतं ते कौंट्यांना मिळत नाही. कौंटी हा राज्याचा हात आहे: तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, कल्याणकारी योजना ही कामं ती राज्याच्या वतीने करते, आणि हाताने डोक्याविरुद्ध बंड करू नये अशी अपेक्षा असते.

तरी हात अधूनमधून झटका देतो. सॅन डिएगोने १९९० साली सनदेत दुरुस्ती करून शेरीफच्या माणसांविरुद्धच्या तक्रारी तपासणारं नागरिकांचं मंडळ उभं केलं आणि त्याला साक्षीदार बोलावण्याचा अधिकार दिला. १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सॅन बर्नार्डिनोचा डाव जास्त धूर्त. शेरीफ निवडून यायलाच हवा ना? येऊ दे. पण घटना सांगते की अधिकाऱ्यांना काढायचं कसं हे सनदेने ठरवावं. म्हणून २००२ साली त्यांनी सनदेत लिहिलं की मंडळाच्या पाचपैकी चार जणांनी ठरवलं तर योग्य कारणासाठी शेरीफला काढता येईल. शेरीफ न्यायालयात गेला, २००५ साली अपील न्यायालयाने कौंटीचं म्हणणं उचलून धरलं. लॉस एंजेलिसने २०२२ साली तीच तरतूद घेतली. सॅन मटेओने मार्च २०२५ मध्ये घेतली आणि ऑक्टोबरमध्ये वापरलीही. निवडून आलेल्या शेरीफला मंडळाने घरी पाठवलं. चढायची शिडी राज्याची, उतरायची कौंटीची.

कधी कधी सनद नसलेली कौंटीही जिंकते, हे नोंदवून ठेवलं पाहिजे, नाहीतर सनद म्हणजे जादूची काठी असा समज होईल. २००३ साली रिव्हरसाइड कौंटीने राज्याचा एक कायदा पाडला. पोलिसांचा पगार ठरला नाही तर लवादाचा निर्णय कौंटीवर बंधनकारक, असं तो म्हणत होता. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कौंटीच्या नोकरांचा पगार ठरवणं राज्याच्या घटनेनेच कौंटीला दिलंय. रिव्हरसाइडला सनद नाही.

शेवटी त्या पहिल्या सनदेकडे, लॉस एंजेलिसच्या. एक कोटी लोकांवर पाच सुपरवायझर, म्हणजे कौंटीच्या मंडळाचे सदस्य, प्रत्येकाच्या वाट्याला वीस लाख. २०२० साली मतदारांनी सनदेत कलम घातलं: कौंटीला स्वतःच्या हाती मोकळा मिळणारा जो पैसा आहे, त्यातला निदान दहा टक्के वस्त्यांच्या विकासावर आणि तुरुंगाला पर्याय शोधण्यावर लावायचा, पोलीस आणि तुरुंगांवर नाही. विरोधक न्यायालयात गेले. सनदेने सुपरवायझरांचे हात बांधता येतात का, अंदाजपत्रक करणं हे तर कायद्याने त्यांचं काम, असा मुद्दा होता. २०२१ मध्ये खालच्या न्यायाधीशाने कलम रद्द केलं, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने परत जिवंत केलं. मतदारांना आपल्याच मंडळाला लगाम घालता येतो, असा निकाल.

पुढच्या वर्षी आणखी मोठी दुरुस्ती मंजूर झाली: पाचाचे नऊ सुपरवायझर, आणि २०२८ पासून निवडून येणारा कार्यकारी प्रमुख, म्हणजे खात्यांवर एक मालक. या दुरुस्तीने सनदेचे मोठे भाग जुने काढून नवे घातले. २०२५ साली, नवी व्यवस्था बसवण्यासाठी नेमलेल्या समितीतल्या एका सदस्याला, लहानशा गावाच्या माजी नगरसेवकाला, एक गफलत दिसली. नव्या मजकुरात ते दहा टक्क्यांचं कलम कुठेच नव्हतं, त्यामुळे नवी सनद लागू होताच ते आपोआप पुसलं जाणार होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी त्यासाठी मत दिलं नव्हतं. कौंटीच्या वकिलांनी कारण शोधलं ते असं: २०२० साली मतदारांनी मंजूर केलेलं आणि तीन वर्षं न्यायालयात लढवलेलं ते कलम सनदेच्या कचेरीतल्या प्रतीत कुणी उतरवूनच घेतलं नव्हतं, आणि नवा मसुदा बेतला गेला तो त्याच प्रतीवरून.